अहवाल कुणाच्या कपाटात होता?

अमेरिकेत निवडणुकीवरचा भरवसा उडाला म्हटलं की सगळे थेट ट्रम्प हरले त्या २०२० च्या निवडणुकीवर येतात, पण माझ्या मते हे दुखणं जुनं आहे.

२००० साली अध्यक्षपदाच्या निवडणुकीत फ्लोरिडात बुश आणि गोर यांच्यात शेवटी ५३७ मतांचा फरक उरला. मतदानाच्या पंच केलेल्या कार्डावर भोक नीट पडलंय की कागदाचा कपटा लोंबतोय हे बघायला अधिकारी एकेक कार्ड उजेडासमोर धरून बसलेले. त्या गोंधळातून २००२ चा हेल्प अमेरिका व्होट ॲक्ट आला आणि त्यातून इलेक्शन असिस्टन्स कमिशन, ज्याच्या कामांत निवडणुकीवर अभ्यास करून तो लोकांना उपलब्ध करून देणं हेही कायद्यातच लिहिलेलं.

आणि नेमकं तिथेच बिनसलं. कमिशनने मतदानातल्या फसवणुकीचा अभ्यास दोघांना दिला, एक डेमोक्रॅट बाजूचा आणि एक रिपब्लिकन, म्हणजे पक्षपाताचा आरोपच नको. त्यांच्या मसुद्यात होतं की मतदान केंद्रावर फसवणूक फार कमी होते यावर बहुतेक जाणकार सहमत आहेत. डिसेंबर २००६ ला कमिशनने अहवाल काढला तेव्हा त्या जागी काय, तर फसवणूक किती होते यावर बराच वाद आहे! एक वाक्य बदललं आणि अख्खा अर्थ फिरला, आणि मूळ मसुदा लोकांना कळला तो एप्रिल २००७ मध्ये, तोही न्यूयॉर्क टाइम्सच्या हाती लागला म्हणून.

पुढच्याच वर्षी मत द्यायला फोटो ओळखपत्र सक्तीचं करणारा इंडियाना राज्याचा कायदा सुप्रीम कोर्टात ६-३ ने टिकला. जस्टिस स्टीव्हन्स यांनी लिहिलंय की दुसऱ्याच्या नावावर मत टाकल्याचा त्या राज्यातला एकही पुरावा रेकॉर्डवर नाही, तरी लोकांचा विश्वास जपणं हे कारणही महत्त्वाचं आहे. मला हे फार लागतं. विश्वासाच्या नावाने कायदा टिकतो आणि विश्वास ज्यावर ठरायचा तो अभ्यास आधी बदलून छापलेला.

तसं लपवायची सवय जुनीच. काँग्रेशनल रिसर्च सर्व्हिस ही अमेरिकन संसदेची अभ्यास करणारी संस्था खासदारांसाठी रिपोर्ट लिहिते, खर्च जनतेचा, पण १९५० च्या दशकापासून संसदेच्या कमिटीच्या परवानगीशिवाय ते छापायला बंदी होती. खासदाराकडे मागा, नाहीतर खासगी कंपनीकडून विकत घ्या. २००९ ला विकिलीक्सने ६,७८० रिपोर्ट एकदम टाकले, पण अधिकृत वेबसाइट यायला सप्टेंबर २०१८ उजाडला.

त्याच्या जेमतेम महिनाभर आधी अजून काही कागद बाहेर आले होते. ट्रम्पनी २०१७ ला निवडणुकीतल्या गैरप्रकारांचा शोध घ्यायला एक आयोग नेमलेला, त्यातले एक सदस्य मॅथ्यू डनलॅप, तेव्हा मेन राज्याचे सेक्रेटरी ऑफ स्टेट, म्हणजे तिथल्या निवडणुका बघणारे अधिकारी, त्यांनाच कागद दाखवत नव्हते म्हणून ते कोर्टात गेले, जिंकले, तोवर आयोगच गुंडाळला. ऑगस्टमध्ये कागद मिळाले तेव्हा अहवालाच्या आराखड्यात फसवणुकीच्या पुराव्यांचे मथळे तयार होते आणि मथळ्यांखालची जागा कोरी होती.