रोबोटशेजारी माणूस: आडोशापासून सेन्सरपर्यंत

सोयाबीनच्या हंगामात पश्चिम विदर्भात कुठेही जा, हडंबा, म्हणजे मळणीचा थ्रेशर, सुरू असतो. तोंडाशी उभा असलेला मजूर सुडीतलं सोयाबीन दोन्ही हातांनी आत लोटत राहतो. आत गेला तो पेंढा की हात, हे यंत्राला कळत नाही. त्यामुळे पहिला उपाय आडोशाचाच होता. १९४८ च्या कारखाना कायद्याने यंत्रांच्या फिरत्या भागांना संरक्षक आवरण सक्तीचं केलं. शेतातल्या थ्रेशरसाठी मात्र १९८३ उजाडलं, तेव्हा कुठे धोकादायक यंत्रांच्या नियमनाचा कायदा आला. भारतीय मानकानुसार थ्रेशरच्या तोंडाशी माल आत लोटायची पन्हळ किमान ९० सेंटिमीटर लांब आणि त्यातली निम्मी झाकलेली हवी, म्हणजे हात दात्यांपर्यंत पोचतच नाही. इतका स्वस्त उपाय असूनही उघड्या तोंडाचे हडंबे चालू राहतात, याची चीड येते.

कारखान्यातला पहिला रोबोट, युनिमेट, १९६१ मध्ये अमेरिकेत जनरल मोटर्सच्या न्यू जर्सीतल्या कारखान्यात बसला. रोबोटलाही पुढे जाळीचं कुंपण घातलं जाऊ लागलं. पण १९७९ मध्ये मिशिगनमधल्या फोर्डच्या कारखान्यात आणि १९८१ मध्ये जपानच्या आकाशीत रोबोटने कामगारांचे जीव घेतले. एक जण सुटे भाग काढायला गेला होता, दुसरा दुरुस्तीला. कापसाच्या जिनमध्ये काम केलेल्याला हे सांगावं लागत नाही: अडकलेलं काही काढायला माणूस आत जाणारच.

प्रकाशाचा पडदा तोवर जुना झाला होता. १९५० च्या दशकात जर्मनीत एर्विन झिक यांनी तो यंत्रांसाठी आणला. किरण तुटला की यंत्र थांबतं. सेन्सर बिघडला किंवा वायर तुटली तरीही यंत्र थांबलंच पाहिजे, हा या तंत्राचा कणा आहे. पडदा कुठे लावायचा याचाही हिशेब असतो. चालत्या माणसाचा वेग सेकंदाला १.६ मीटर धरतात. यंत्र थांबायला अर्धा सेकंद लागत असेल, तर नुसत्या त्या वेळेसाठीच ८० सेंटिमीटर सोडावे लागतात.

१९९६ मध्ये अमेरिकेतल्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातल्या कोलगेट आणि पेशकिन यांनी माणसाच्या जोडीने काम करणाऱ्या ‘कोबॉट’ची कल्पना मांडली. २००८ मध्ये डेन्मार्कच्या युनिव्हर्सल रोबोट्सने असा हात विकायला काढला. अशा काही रोबोटांच्या सांध्यांतले सेन्सर अनपेक्षित जोर लागताच हात थांबवतात. लेझर स्कॅनर माणूस जवळ येताच आधी वेग उतरवतो, मग थांबवतो. धक्का लागलाच तर शरीराच्या कोणत्या भागावर किती दाब चालेल, याच्या मर्यादा आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेच्या २०१६ च्या दस्तऐवजात आल्या.

स्वयंचलित शेतीयंत्रांसाठी २०१८ मध्ये आयएसओ १८४९७ हे मानक आलं. कारखान्यातली फरशी सपाट, उजेड ठरलेला. शेतात धूळ उडते, लेझरला ती अडथळ्यासारखी भासू शकते. आणि कंबरेएवढ्या पऱ्हाटीत वाकून कापूस वेचणारी बाई झाडाआड पूर्ण झाकली जाते. असं यंत्र आपल्याकडे विकायला येईल तेव्हा त्याची चाचणी मोकळ्या मैदानावर नको, वेचणीच्या दिवसांत उभ्या पऱ्हाटीत व्हायला हवी.