डीडब्ल्यूजी आपल्याकडे ठेवायची, डीएक्सएफ मशीनला द्यायची

अंबडच्या लेझर कटिंगवाल्याचा फोन येतो, "दादा, डीडब्ल्यूजी नको, डीएक्सएफ पाठवा." कॉम्प्युटरवर काढलेल्या ड्रॉइंगच्या फाइलींचे हे दोन प्रकार. ऑफिसातलं नवीन पोरगं घाईघाईत फाइलच्या नावातलं डीडब्ल्यूजी खोडून डीएक्सएफ लिहितं आणि व्हॉट्सअ‍ॅपवर टाकतं. तिकडे फाइल उघडतच नाही. नाव बदललं तरी आतला माल तोच राहतो. ऑटोकॅडमध्ये, म्हणजे ड्रॉइंग काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये, उघडून 'सेव्ह अ‍ॅज'मध्ये डीएक्सएफ निवडावीच लागते.

दोन्ही फाइली ऑटोकॅड बनवणाऱ्या ऑटोडेस्क कंपनीच्याच, १९८२ मध्ये ऑटोकॅड आलं तेव्हापासूनच्या. डीडब्ल्यूजी ही ऑटोकॅडची स्वतःची वही. बायनरी (साध्या मजकुरासारखी वाचता न येणारी) असल्याने आकाराने आटोपशीर, पण तिची आतली रचना ऑटोडेस्कने कधी खुली केली नाही. इतरांनी ती उलगडून काढली. डीएक्सएफ जन्मालाच आली ती देवाणघेवाणीसाठी. तिची रचना जाहीर आहे, म्हणून बहुतेक कटिंग सॉफ्टवेअर ती वाचतात.

एखादी साधी डीएक्सएफ नोटपॅडमध्ये उघडून बघाच. एका ओळीत कोड, खालच्या ओळीत त्याची किंमत, असं शेवटपर्यंत चालतं. ० खाली 'सर्कल', ८ खाली लेयरचं (ड्रॉइंगमधल्या थराचं) नाव, १० आणि २० खाली केंद्राचे एक्स-वाय, ४० खाली त्रिज्या. मिलिमीटरमध्ये काढलेलं १२ मिमीचं भोक असेल तर ४० खाली ६.० दिसेल. नवीन मुलांना मी हे मुद्दाम दाखवतो. एकदा बघितलं की डोक्यात पक्कं बसतं: मशीन रेषा कापतं, डायमेन्शन (ड्रॉइंगवर लिहिलेलं माप) वाचत नाही.

हे आम्ही नुकसान सोसून शिकलो. एका ब्रॅकेटची लांबी १२० ची १२५ झाली होती. घाईत डायमेन्शनवरचा आकडा तेवढा टाइप करून बदलला, रेषा होती तिथेच राहिली. प्रिंट हातात धरून काम करणाऱ्या फिटरने १२५ वरच मार्किंग केलं असतं. लेझरने १२० चे चाळीस नग कापून दिले. सगळा पत्रा भंगारात गेला, आणि कटिंगवाल्याची त्यात काडीचीही चूक नव्हती.

दुसरा घोळ युनिटचा. डीएक्सएफच्या हेडरमध्ये 'इन्सयुनिट्स' नावाची नोंद असते: १ म्हणजे इंच, ४ म्हणजे मिलिमीटर. ती नसेल तर समोरचं सॉफ्टवेअर आपल्या सेटिंगप्रमाणे धरून चालतं. १०० मिमीचा जॉब इंचात वाचला गेला तर २५४० मिमीचा होतो. २५०० च्या शीटवर तो मावत नाही, त्यामुळे घोळ निदान सापडतो तरी.

आवृत्तीकडेही बघा. जुन्या मशीनवाले 'आर-१२ मध्ये द्या' म्हणतात, म्हणजे ऑटोकॅडच्या एका जुन्या आवृत्तीत. आर-१२ मध्ये स्प्लाइन (मुक्त वळणाची रेषा) आणि इलिप्स (लंबवर्तुळ) हे प्रकारच नाहीत. तसे वक्र बारीक बारीक सरळ तुकड्यांत मोडले जातात आणि कापलेल्या कडेवर ते पैलूंसारखे दिसू शकतात. शक्य तिथे आधीच आर्कमध्ये (वर्तुळाच्या तुकड्यांत) काढलेलं बरं.

रूपांतर केलं की माहिती जातेच, असं मात्र नाही. पूर्ण ड्रॉइंगची डीएक्सएफ काढली तर लेयर, ब्लॉक (एकत्र बांधलेले रेषांचे गट), डायमेन्शन बहुतेक सगळं त्यात येतं. पण कटिंगला आपण डायमेन्शन, टायटल ब्लॉक (ड्रॉइंगच्या नाव-माहितीची चौकट), सेंटर लाइन (मध्यरेषा) उडवून फक्त कापायच्या रेषा देतो, नाहीतर सेंटर लाइनही कापली जायची. अशा सोललेल्या फाइलवरून मूळ ड्रॉइंग परत उभं राहत नाही. म्हणून डीडब्ल्यूजीवर ती कधीच ओव्हरराइट करू नका, आणि पुढची दुरुस्ती करायची ती डीडब्ल्यूजीतच.

पाठवण्याआधी ऑटोकॅडची 'ओव्हरकिल' कमांड चालवून एकावर एक बसलेल्या रेषा काढा, नाहीतर तीच कड दोनदा कापली जाते. सोबत डायमेन्शनसह पीडीएफ द्या. जाडी, मटेरियल आणि नग त्यावरच लिहा. मग तयार डीएक्सएफ स्वतः पुन्हा उघडा आणि एक माप 'डिस्ट' कमांडने रेषेवरच मोजा. आमच्याकडे आता हे केल्याशिवाय एकही फाइल बाहेर जात नाही.