पाच मीटरचा हिशेब

पंधरा वर्षांच्या पोराने स्कूटर रस्त्यावर काढली तर चौकातला मामा पावती फाडतो. त्याच पोराला फॉर्म्युला ४ चं, म्हणजे फॉर्म्युला १ कडे नेणाऱ्या पहिल्या पायरीच्या शर्यतींचं, रेसिंग लायसन्स मात्र मिळू शकतं, आणि चेन्नईजवळच्या इरुंगाट्टुकोट्टईच्या ट्रॅकवर ते ताशी दोनशेने गाडी पिटाळू शकतं.

फॉर्म्युला ४ इंडियन चॅम्पियनशिप २०२३ पासून भरते. ऑगस्ट २०२४ च्या अखेरीस चेन्नईच्या रस्त्यांवर, दिव्यांच्या उजेडात झालेली शर्यत अनेकांनी टीव्हीवर पाहिली असेल. एका माणसाची, उघड्या चाकांची ही गाडी सगळ्यांना सारखीच मिळते: फ्रान्सच्या मिगाल कंपनीची चासी (गाडीचा सांगाडा), अल्पिनचं टर्बो इंजिन, एकाच बनावटीचे टायर. किमान वजनसुद्धा गाडी आणि ड्रायव्हर मिळून मोजतात, त्यामुळे काटकुळ्या पोराच्या गाडीत जादा वजन बोल्टने कसावं लागतं.

सगळ्यांना सारखीच गाडी देण्याची ही कल्पना आपल्याकडे जुनी आहे. कोइम्बतूरच्या एस. करिवर्धन यांनी मारुती ८०० चं इंजिन बसवून फॉर्म्युला मारुती गाड्या बनवल्या होत्या. पुढे २००५ मध्ये फॉर्म्युला १ गाठणारा नारायण कार्तिकेयन सुरुवातीला याच गाडीत धावला. कोइम्बतूरचा कारी मोटर स्पीडवे करिवर्धन यांच्याच नावाने आहे.

गाडी सारखी, टायर सारखे. तरी एकाची फेरी दुसऱ्यापेक्षा सेकंदभर लवकर कशी संपते? बहुतेक लोक म्हणतील, तो सरळ रस्त्यावर जास्त दामटत असेल. पण सरळ रस्त्यावर सगळ्यांचाच पाय तळाला टेकलेला असतो. फरक पडतो तो ब्रेकवर.

समजा, ताशी २०० वरून ८० वर यायचं आहे. गुरुत्वाकर्षणाच्या दीडपट जोराने वेग उतरवला तर त्याला सुमारे ८८ मीटर लागतात. आता एखाद्याने घाबरून पाच मीटर आधीच ब्रेक दाबला. म्हणजे वळणाआधीचे शेवटचे पाच मीटर तो ८० ने सरकणार. दुसरा गडी तेवढंच अंतर अजून २०० ने कापतोय. पाच मीटरला २०० च्या वेगाने ०.०९ सेकंद लागतात, ८० ने ०.२२५. एका वळणावर ०.१३५ सेकंदाचा तोटा! अशी आठ वळणं झाली की सेकंद गेलाच.

मग सगळेच उशिरा ब्रेक का मारत नाहीत? कारण टायरची पकड म्हणजे एकच पगार. ब्रेक आणि वळण, दोन्हींचा खर्च त्यातूनच. गंमत अशी की इथे साधी वजाबाकी चालत नाही. दोन बल एकमेकांना काटकोनात असल्यामुळे हिशेब पायथागोरसच्या सिद्धांताने होतो. ८० टक्के पकड ब्रेकवर खर्च केली तरी वळायला २० नव्हे, ६० टक्के उरते, कारण ०.८ चा वर्ग अधिक ०.६ चा वर्ग बरोबर एक. शाळेत ३-४-५ चा त्रिकोण घोकताना हे कुणी सांगितलं असतं तर वर्गात लक्ष लागलं असतं.

म्हणून तयारीचा ड्रायव्हर ब्रेक सोडून मग वळत नाही. तो वळणात शिरताना पाय हळूहळू उचलत जातो. ब्रेकमुळे वजन पुढच्या चाकांवर आलेलं असतं, त्यामुळे नाक वळायला तयारच असतं. पाय झटक्यात उचलला की पुढचा भार ओसरतो आणि गाडी सरळ बाहेरच्या बाजूला निघते. उलट ब्रेक जरा जास्तच रेटला तर मागची चाकं हलकी होऊन शेपूट फिरते.

या गाडीत आपल्या घरच्या गाडीसारखं एबीएस (चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) नसतं. पाय चुकला की चाक जाम होतं, टायर घासत जातो आणि रबराला एका जागी चपटा डाग पडतो. चाकाचा घेर पावणेदोन मीटरच्या आसपास, म्हणजे २०० च्या वेगात तो डाग सेकंदाला तीसेक वेळा जमिनीवर आपटतो. स्टिअरिंग इतकं थरथरतं की आरशात मागची गाडी धड दिसत नाही.

कार्टिंगमधून, म्हणजे छोट्या बुटक्या गाड्यांच्या शर्यतींतून, येणाऱ्या पोरांचा खरा गोंधळ वेगळाच असतो. आपल्या कोल्हापुरातही राष्ट्रीय कार्टिंग स्पर्धेच्या फेऱ्या झाल्या आहेत. पण कार्टला पंख नसतात. फॉर्म्युला ४ चे पंख हवेने गाडी खाली दाबतात, आणि हा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो: वेग निम्मा, तर दाब पाव. म्हणजे ब्रेकच्या सुरुवातीला पकड भरपूर, आणि गाडी मंदावेल तशी ती कमी होत जाते. पायाने पहिल्या क्षणी पूर्ण जोर द्यायचा आणि लगेच कमी करत न्यायचा. समोर दुसरी गाडी असेल तर पंखांना गढूळ हवा मिळते, दाब आणखी घटतो, आणि कालपर्यंत बरोबर वाटलेली ब्रेकची जागा आज चुकीची ठरते.

सराव संपला की इंजिनिअर लॅपटॉपवर दोन सहकाऱ्यांनी कुठे किती ब्रेक दाबला ते दाखवणाऱ्या आलेखाच्या रेघा एकमेकींवर ठेवतो. एक आधी चढलेली, दुसरी पाच मीटर पुढे. पोरगं मान हलवतं, हेल्मेट घालतं, पुढच्या सरावात वळण १०० मीटरवर आल्याचं सांगणारी पाटी ओलांडूनही पाय रोखून धरतं, आणि पहिल्याच वळणावर टायरमधून निळा धूर निघतो.