सर्व्हर कोलोकेशन : खर्चाचा अंदाज

सर्व्हर कोलोकेशन : स्वतःच्या मालकीचे सर्व्हर दुसऱ्याच्या डेटा सेंटरमध्ये भाड्याच्या जागेत ठेवण्याची पद्धत. जागा, वीज, थंडावा, पहारा आणि नेटवर्कची जोडणी डेटा सेंटर पुरवते. यंत्र, त्यावरचे सॉफ्टवेअर आणि त्यावर विसंबलेले ग्राहक यांची जबाबदारी यंत्रमालकाची. डेडिकेटेड सर्व्हर किंवा क्लाउड यांत यंत्रही पुरवठादाराचेच असते, हा मुख्य फरक. मराठीत ‘सहस्थापन’ म्हणता येईल, पण व्यवसायात ‘कोलोकेशन’ किंवा नुसते ‘कोलो’ रूढ असल्याने येथेही तेच घेतले आहे. नव्याने होस्टिंग (इतरांची संकेतस्थळे आपल्या सर्व्हरवर चालवण्याचा व्यवसाय) सुरू करणारे अंदाजाची सुरुवात बहुधा रॅकच्या, म्हणजे सर्व्हर बसवायच्या उभ्या चौकटीच्या, भाड्यापासून करतात. ती विजेपासून आणि रॅक भरायला लागणाऱ्या महिन्यांपासून करणे अधिक योग्य ठरते, अशी या नोंदीची भूमिका आहे.

शब्द व उगम : हा शब्द दूरध्वनी क्षेत्रातून संगणकक्षेत्रात आला, हे मत अधिक ग्राह्य दिसते. अमेरिकेच्या फेडरल कम्युनिकेशन्स कमिशनने १९९२ मध्ये आदेश काढून, प्रतिस्पर्धी कंपन्यांची उपकरणे आपल्या एक्स्चेंजच्या इमारतीत ठेवू देणे स्थानिक दूरध्वनी कंपन्यांना भाग पाडले. दुसऱ्याच्या मालमत्तेत असा शिरकाव देण्याचा अधिकार कायद्याने आयोगाला दिलेला नाही, असे ठरवून अपील न्यायालयाने १९९४ मध्ये प्रत्यक्ष जागा देण्याची सक्ती रद्द केली. पुढे १९९६ च्या टेलिकम्युनिकेशन्स ॲक्टच्या २५१ व्या कलमाने ती कायद्यातच घातली. या कायद्यात शब्दाचे वर्णलेखन दोन ‘एल’ वापरून केलेले आहे. त्याचे मूळ लॅटिनमधील ‘कोलोकारे’ म्हणजे एकत्र मांडणे. व्यवसायातील लेखनात मात्र एकच ‘एल’ किंवा ‘को’नंतर संयोगचिन्ह आढळते. त्यावरून हे दोन वेगळे शब्द असावेत असा तर्क केला जातो, पण तो पटण्यासारखा नाही. जाळीचा पिंजरा, अँपिअरमागे वीजआकार, दोन उपकरणांतील तारजोडणीचे वेगळे शुल्क ही आजच्या दरपत्रकातील रचना एक्स्चेंजमधील व्यवस्थेशी फारच जुळते. पिंजऱ्याची सक्ती तर तिथे इतकी रुळली होती की, पिंजऱ्याविनाही जागा द्यावी असा स्वतंत्र आदेश आयोगाला १९९९ मध्ये काढावा लागला.

दुसरे मत ‘कॅरिअर हॉटेल’ म्हणवल्या जाणाऱ्या इमारतींकडे बोट दाखवते. न्यूयॉर्कमधील ६० हडसन स्ट्रीट ही वेस्टर्न युनियनसाठी १९३० मध्ये पूर्ण झालेली इमारत आणि लॉस एंजेलिसमधील वन विल्शायर येथे अनेक दूरसंचार कंपन्या एकाच छताखाली आल्या आणि एकमेकींना थेट जोडल्या गेल्या. कोणत्याही एका नेटवर्क कंपनीची बाजू न घेणारे डेटा सेंटर ही कल्पना या परंपरेतून आलेली असावी. १९९८ मध्ये स्थापन झालेल्या इक्विनिक्सने तिच्यावरच व्यवसाय उभारला. शब्द आणि दररचना एक्स्चेंजमधून, तटस्थतेचे तत्त्व कॅरिअर हॉटेलांतून, अशी विभागणी केल्यास दोन्ही मतांचा मेळ बसतो.

रॅक व वीज : एकोणीस इंची रॅकही दूरध्वनी केंद्रांतलाच. १९२० च्या दशकाच्या आरंभी तो तिथे स्थिरावला असावा. रेल्वे सिग्नलच्या रिलेंशी त्याचे नाते जोडणारे मतही आढळते, पण ते तितके भक्कम नाही. उंची ‘यू’मध्ये मोजतात, १ यू म्हणजे १.७५ इंच, अर्थात ४४.४५ मिमी. सर्वांत प्रचलित रॅक ४२ यूचा. एक यू, पाव रॅक, अर्धा रॅक, पूर्ण रॅक आणि पिंजरा या चढत्या क्रमाने जागा भाड्याने मिळते.

आता आकडेमोड. रॅकला २३० व्होल्टवर १६ अँपिअरची वाहिनी मिळाली, तर तिची क्षमता ३,६८० वॉट. अमेरिकेच्या विद्युत संहितेनुसार तीन तास वा त्याहून अधिक चालणारा भार ‘सतत’ मानला जातो आणि तो सर्वसाधारणपणे वाहिनीच्या ८० टक्क्यांतच बसवावा लागतो. अन्यत्र नियम वेगळे असले, तरी करारात ही मर्यादा पुष्कळदा दिसते. म्हणजे हाताशी उरले २,९४४ वॉट. भाराखाली २२० वॉट खाणारे १ यूचे सर्व्हर यात १३ बसतात, चौदावा बसत नाही. नेटवर्क स्विच (सर्व्हरांना नेटवर्कशी जोडणारे यंत्र) व तारांसाठी २ यू सोडले तरी २७ यू मोकळे राहतात आणि त्यांचे भाडे चालूच असते. ‘४० सर्व्हरांत रॅकचे भाडे वाटले’ हा पहिल्या अंदाजातला भागाकार इथेच कोसळतो.

नवख्यांची सर्वांत महागडी चूक मात्र दुसऱ्या वाहिनीबाबत होते. रॅकच्या मागच्या बाजूला, गरम हवेच्या बोळात उभे राहिले की दोन उभ्या वीजपट्ट्या दिसतात, डावीकडे ‘ए’ आणि उजवीकडे ‘बी’. प्रत्येक सर्व्हरच्या दोन पॉवर सप्लायपैकी एक इकडे, एक तिकडे. दोन्ही पट्ट्यांवरच्या छोट्या पडद्यांवर ६.२ अँपिअर दिसत असले की अजून अर्ध्याहून अधिक वीज शिल्लक आहे असे वाटते. पण ‘ए’ बंद पडली की तिचा सगळा भार त्याच क्षणी ‘बी’वर जातो आणि तिथला आकडा १२.४ होतो. १६ अँपिअरच्या वाहिनीवर १२.८ ही मर्यादा धरली, तर हा रॅक आताच भरलेला आहे. त्यात आणखी सर्व्हर चढवले, तर एका वाहिनीच्या बिघाडात दुसरीचाही ब्रेकर पडू शकतो आणि ज्यासाठी दुप्पट जोडणीचे पैसे मोजले तेच संरक्षण जाते. दोन वाहिन्यांची बेरीज करायची नसते, हे अंदाजपत्रकाच्या पहिल्या ओळीत लिहून ठेवावे.

पॉवर सप्लायवर छापलेला ७५० वॉटचा आकडा ही त्याची कमाल क्षमता असते. प्रत्यक्ष वापर नव्हे. यंत्र विकत घेतल्यावर त्यावर पूर्ण भार टाकून मीटरने मोजलेला आकडाच धरावा. वीज कुठे वाहिनीच्या क्षमतेनुसार ठोक, कुठे किलोवॅटमागे, तर कुठे मीटरनुसार आकारली जाते. मीटरच्या पद्धतीत थंडाव्याचा वाटाही जोडला जातो आणि त्यासाठी पीयूई हे गुणोत्तर वापरतात : इमारतीची एकूण वीज भागिले संगणकीय यंत्रांची वीज. ग्रीन ग्रिड या संस्थेने २००७ पासून ते रूढ केले. वरील १३ सर्व्हरांचा २,८६० वॉटचा भार ३० दिवसांत सुमारे २,०५९ युनिट होतो, पीयूई १.५ असेल तर बिल सुमारे ३,०८९ युनिटांचे येते.

बँडविड्थची आकारणी : दरपत्रकातला हा सर्वांत गुंतागुंतीचा भाग आणि वादही बहुधा यावरूनच होतात. प्रचलित पद्धत ९५ व्या शतमानाची. दर पाच मिनिटांनी स्विचच्या पोर्टवरील गणकाचा (गेलेले-आलेले बाइट मोजणाऱ्या नोंदीचा) आकडा वाचून त्या अवधीची सरासरी गती काढतात. ३० दिवसांत अशा ८,६४० नोंदी होतात. त्या उतरत्या क्रमाने लावून वरच्या पाच टक्के, म्हणजे ४३२, वगळतात आणि त्यानंतरची गती महिनाभराच्या आकारणीसाठी धरतात. वगळलेल्या नोंदींचा एकूण काळ ३६ तास, म्हणजे दिवसाला सरासरी ७२ मिनिटे. हा ७२ मिनिटांचा आकडा होस्टिंगवाल्याने पाठ करावा. रात्रीचा बॅकअप दुसऱ्या ठिकाणी पाठवायला रोज ६० मिनिटे लागत असतील, तर त्याची उच्च गती बिलात दिसणारच नाही. तोच बॅकअप ९० मिनिटांवर गेला की संपूर्ण महिन्याची आकारणी बॅकअपच्या गतीने होते. ग्राहक तेच, त्यांची भेटसंख्याही तीच. बदलली फक्त बॅकअपची लांबी. बॅकअपची गती आटोक्यात ठेवणे किंवा बदललेल्याच फायली पाठवणे हा यावरचा सरळ उपाय.

येणारी आणि जाणारी रहदारी एकत्र कशी आणायची, यावर एकमत नाही. एका पद्धतीत दोन्ही दिशांचे शतमान वेगवेगळे काढून मोठे घेतात. दुसरीत प्रत्येक पाच मिनिटांची मोठी दिशा निवडून मग शतमान काढतात. तिसरीत दोन्हींची बेरीज करतात. दिवसा जाणारी रहदारी चार टक्के वेळ उसळते आणि रात्री येणारी आणखी चार टक्के वेळ, असे समजू. पहिल्या पद्धतीत दोन्ही उसळ्या गळून जातात. दुसरीत त्या मिळून आठ टक्के होतात आणि बिलात उतरतात. पहिली पद्धत होस्टिंगवाल्यास सर्वांत सोयीची. वेब होस्टिंगमध्ये जाणारी रहदारी बहुतांशी कितीतरी जास्त असल्याने पहिल्या दोहोंतला फरक एरवी लहान राहतो, पण करारात पद्धत स्पष्ट लिहून घेणे गरजेचे.

गणकाच्या रुंदीचा प्रश्न आता मागे पडला असला, तरी जुन्या स्विचवर तो भेटतो. ३२ बिटांचा गणक सुमारे ४२९ कोटी बाइट मोजून पुन्हा शून्यावर येतो. १०० मेगाबिटच्या भरलेल्या पोर्टवर त्याला सुमारे ३४३ सेकंद लागतात, त्यामुळे पाच मिनिटांचे वाचन कसेबसे निभावते. १ गिगाबिटवर मात्र तो साधारण ३४ सेकंदांत उलटतो आणि वाचन निरर्थक ठरते. अशा पोर्टवर ६४ बिटांचा गणकच वाचला पाहिजे. आपल्या बाजूनेही तीच मोजणी करून ठेवली, तर बिलावर बोलताना हाती पुरावा राहतो.

काही ठिकाणी एकूण डेटावर आकारणी होते. तुलनेसाठी : १ मेगाबिट प्रतिसेकंद ही गती ३० दिवस सलग राहिली तर ३२४ गिगाबाइट होतात.

आयपी पत्ते : आयपीव्ही४ या, इंटरनेटवरील यंत्रांना पत्ते देण्याच्या जुन्या पद्धतीतील पत्त्यांचा मध्यवर्ती साठा ३ फेब्रुवारी २०११ रोजी संपला, आशिया-पॅसिफिकमध्ये पत्ते वाटणाऱ्या एपनिक या संस्थेत त्याच वर्षी १५ एप्रिलपासून काटकसरीचे वाटप लागू झाले. त्यानंतर पत्ते विकत किंवा भाड्याने घेण्याची बाजारपेठ वाढली आणि पूर्वी भाड्यातच मिळणारे पत्ते दरपत्रकात वेगळ्या ओळीत आले. स्वतःचे राउटिंग (आपल्या पत्त्यांकडे येण्याची वाट इंटरनेटवर स्वतः जाहीर करणे) करायचे असल्यास २५६ पत्त्यांचा /२४ हा गट व्यवहारात किमान लागतो. त्याहून लहान गट इंटरनेटवर सर्वदूर स्वीकारले जात नाहीत. एका पत्त्यावर अनेक सुरक्षित संकेतस्थळे चालवण्याची सोय एसएनआयमुळे (जोडणीच्या सुरुवातीलाच हव्या असलेल्या संकेतस्थळाचे नाव कळवणारे तंत्र) झाल्याने शेअर्ड होस्टिंगला पत्ते थोडे पुरतात. व्हीपीएस (एका यंत्राचे भाग करून बनवलेले आभासी सर्व्हर) विकणाऱ्याला मात्र बहुधा प्रत्येक ग्राहकामागे एक पत्ता धरावाच लागतो.

यंत्रे, परवाने व हातमदत : यंत्राची किंमत किती महिन्यांत वाटायची, हा निर्णय मासिक खर्च बराच बदलतो. गूगलने सर्व्हरांचे हिशेबी आयुष्य २०२१ मध्ये तीनवरून चार आणि २०२३ मध्ये सहा वर्षे केले. लहान होस्टिंगवाल्याने त्याचे अनुकरण करू नये; त्याच्याकडे बंद पडलेल्या यंत्राची जागा घेणारी हजारो यंत्रे नसतात. ३६ महिने धरणे सुरक्षित. सुट्या डिस्क, मेमरी आणि एक तयार राखीव सर्व्हर हा पहिल्या दिवसाचाच खर्च आहे.

परवान्यांत कंट्रोल पॅनेलचा, म्हणजे ग्राहकांची खाती सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरचा, वाटा मोठा. सीपॅनेल या अशाच एका पॅनेलने २०१९ मध्ये खात्यांच्या संख्येवर दर ठरवल्यापासून, एका सर्व्हरवर शेकडो स्वस्त खाती बसवण्याचे जुने गणित बदलले. डेटा सेंटरच्या तंत्रज्ञाकडून डिस्क बदलून घेणे किंवा तार तपासून घेणे याला ‘रिमोट हँड्स’ म्हणतात आणि त्याची आकारणी वेळेनुसार होते. दूरस्थ कन्सोल (लांबूनच यंत्र पाहण्या-चालवण्याची सोय) असलेला सर्व्हर थोडा महाग पडतो, पण रात्री दोन वाजता रीस्टार्टसाठी कोणाला पैसे द्यावे लागत नाहीत. याशिवाय जोडणीचे एकरकमी शुल्क, क्रॉस कनेक्टचे (दोन उपकरणांतील थेट तारजोडणीचे) मासिक शुल्क, वाहतूक व विमा धरावेत.

भरण्याचा वेग : वरील सर्व रकमा पहिल्या महिन्यापासून लागतात, ग्राहक मात्र हळूहळू येतात. स्थिर मासिक खर्चात यंत्राचा मासिक वाटा मिळवून, त्या बेरजेला एका ग्राहकाकडून उरणाऱ्या रकमेने भागले की ना नफा ना तोटा गाठायला लागणारे ग्राहक कळतात. उरणारी रक्कम म्हणजे ग्राहकाच्या शुल्कातून त्याचा पत्ता, परवाना आणि पेमेंट शुल्क वजा करून राहिलेली. मग महिन्याला किती ग्राहक येतील हे धरून तिथवरचा तोटा बेरजेने काढावा. हा तोटाच खरे भांडवल मागतो. यंत्राच्या किमतीहून तो मोठा निघणे असामान्य नाही. म्हणून प्रतियू भाडे महाग असूनही आरंभी एक-दोन यू किंवा पाव रॅक घेणे पुष्कळदा स्वस्त पडते. १२ ते ३६ महिन्यांच्या करारात दर कमी मिळतो, पण रिकाम्या रॅकचे भाडेही तितकेच महिने बांधले जाते. सेवाहमीतील भरपाई साधारणपणे भाड्याच्या काही भागापुरतीच असते, ९९.९ टक्क्यांच्या हमीतही ३० दिवसांत ४३ मिनिटांचा खंड बसतो, आणि त्या वेळात गेलेल्या ग्राहकाचे नुकसान त्यात धरलेले नसते. करार संपताना किती दिवसांची सूचना द्यायची, यंत्रे बाहेर काढण्याचे शुल्क किती आणि थकबाकी असल्यास डेटा सेंटर ती अडवून ठेवू शकते का, ही तीन कलमे सही करण्यापूर्वी वाचावीत.