कुत्र्याच्या ताटलीतलं माणसाचं जेवण

पुण्या-मुंबईत हल्ली कुत्र्यांसाठी वाढदिवसाचा केक मिळतो, बिर्याणी मिळते, आइस्क्रीमही मिळतं. जपानमध्ये नववर्षाला कप्प्याकप्प्यांच्या डब्यात घालून कुत्र्यांचं ‘ओसेची’, म्हणजे सणाचं जेवण, विकतात. नेदरलँड्समध्ये २००७ साली कुत्र्यांची बिअर निघाली : गोमांसाचा अर्क आणि माल्ट, अल्कोहोल अजिबात नाही. हे सगळं रीळ-इन्स्टाग्रामच्या काळातलं खूळ वाटतं खरं, पण माणसाच्या खाण्याशी या धंद्याचं नातं पहिल्या दिवसापासूनचं आहे.

१८६० च्या सुमारास जेम्स स्प्रॅट नावाचा अमेरिकन माणूस वीजरोधक दांड्या विकायला लंडनला गेला. गोदीवर खलाशांची टाकून दिलेली टणक बिस्किटं कुत्री आवडीने खाताना त्याने पाहिली आणि गव्हाचं पीठ, भाज्या, बीट, सुकवलेलं मांस यांची कुत्र्यांसाठीची बिस्किटं बाजारात आणली, असं सांगतात. त्याच्याकडे नोकरीला असलेल्या चार्ल्स क्रफ्टने पुढे १८९१ मध्ये स्वतःच्या नावाचं श्वानप्रदर्शन भरवलं, ते आजही भरतं. १९०८ मध्ये न्यूयॉर्कला ‘मिल्क-बोन’ आलं, हाडाच्या आकाराचं बिस्किट. तोवर नक्कल करायची ती निदान कुत्र्याच्या आवडीच्या वस्तूची होती.

बहुतेक घरांत मात्र कुत्रं उष्ट्या-उरल्यावरच जगत होतं. आपल्याकडे तर भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणारे नामदेव सगळ्यांना ठाऊक. (इतकं तूप आजच्या पशुवैद्याला चालणार नाही, स्वादुपिंडाला सूज येते म्हणून.) अमेरिकेत १९२२ पासून घोड्याच्या मांसाचे डबे विकले जात होते. दुसऱ्या महायुद्धात पत्र्याची टंचाई झाली आणि कोरडं खाद्य पुढे सरकलं. १९५७ मध्ये न्याहारीच्या सिरियलसारखं यंत्रातून दाबून फुलवलेलं खाद्य आलं. १९५८ मध्ये उत्पादकांनी ‘पेट फूड इन्स्टिट्यूट’ ही संघटना काढली, आणि पानातलं उरलेलं कुत्र्याला घालू नका, पिशवीतलंच द्या, असा प्रचार जोरात सुरू झाला.

पुढचा भाग मला सगळ्यात गमतीचा वाटतो. माणसाचं जेवण कुत्र्याला देऊ नका म्हणणाऱ्या धंद्याने काही वर्षांतच माणसाच्या जेवणासारखं दिसणारं खाद्य विकायला काढलं. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला जनरल फूड्स या अमेरिकन कंपनीने ‘गेन्स-बर्गर्स’ आणले. सेलोफेनमध्ये गुंडाळलेली लाल, गोल, हॅम्बर्गरच्या पॅटीसारखी वडी. फ्रिजची गरज नाही, डबा फोडायला नको. कागद सोडवायचा आणि हाताने कुस्करून भांड्यात टाकायची. हाताला मऊ, ओलसर लागते आणि तरीही फडताळात महिनोन्महिने टिकते. ही किमया मांसाची नव्हती, साखर आणि प्रोपिलीन ग्लायकॉलची होती. ही दोन्ही पाणी धरून ठेवतात, त्यामुळे ओलावा राहतो, पण जिवाणू-बुरशीला तो वापरता येत नाही.

आणि तो लाल रंग? कुत्र्याला लाल-हिरव्यातला फरक फारसा कळत नाही. जिभेवर स्वादकलिकाही सुमारे १,७०० , माणसाच्या नऊ हजारांच्या आसपास असतात. तो अन्न पारखतो ते नाकाने. रंग होता पैसे मोजणाऱ्या मालकासाठी. स्ट्यूसारख्या दिसणाऱ्या खाद्यातले ‘गाजराचे’ आणि ‘मटाराचे’ तुकडे कित्येकदा रंगवलेल्या पिठाचे असतात, तेही याच कारणाने.

प्रोपिलीन ग्लायकॉलचा पुढे वेगळाच प्रश्न निघाला. मांजराच्या तांबड्या रक्तपेशींना त्याने इजा होते असं दिसून आलं आणि अमेरिकेच्या एफडीएने (अन्न व औषध प्रशासनाने) १९९६ मध्ये मांजरांच्या खाद्यात त्याला बंदी घातली. कुत्र्यांच्या खाद्यात ते अजूनही चालतं. तेव्हा घरात दोन्ही प्राणी असतील, तर कुत्र्याचा मऊ खाऊ मांजराच्या तोंडी लागू न देणं बरं.

खरा घाव बसला तो २००७ मध्ये. १६ मार्चला कॅनडाच्या ‘मेन्यू फूड्स’ने सुमारे सहा कोटी डबे आणि पाकिटं परत मागवली. कुत्र्या-मांजरांची मूत्रपिंडं निकामी होत होती. परत मागवलेला माल होता ‘कट्स अँड ग्रेव्ही’ प्रकारातला, म्हणजे रश्श्यात मांसाचे तुकडे घातल्यासारखा. अशा खाद्यात रस्सा दाट करायला आणि तुकड्यांना मांसासारखा चिवटपणा यायला गव्हाचं ग्लुटेन, म्हणजे गव्हातलं चिकट प्रथिन, वापरतात. चीनहून आलेल्या या ग्लुटेनमध्ये मेलामाइन या प्लास्टिकसाठी वापरायच्या रसायनाची भेसळ होती. प्रथिनांची नेहमीची चाचणी प्रत्यक्षात नायट्रोजन मोजते, आणि मेलामाइनच्या वजनात दोन तृतीयांश नायट्रोजनच असतो. त्यामुळे भेसळीचा माल कागदावर उत्तम प्रतीचा ठरला. मेलामाइन आणि सोबतचं सायन्युरिक ॲसिड यांचे मूत्रपिंडात स्फटिक बनले. एफडीएकडे तक्रारी हजारोंनी आल्या. पुढच्याच वर्षी हेच मेलामाइन चीनमध्ये बाळांच्या दूधपावडरीत सापडलं.

त्याच २००७ पासून ‘जर्की’, म्हणजे माणसं खातात तशा सुकवलेल्या मांसपट्ट्या, खाऊन कुत्री आजारी पडल्याच्या तक्रारी येऊ लागल्या. बहुतेक माल चिनी. २०१४ पर्यंत सुमारे हजार कुत्री दगावल्याच्या नोंदी एफडीएकडे झाल्या होत्या, पण नेमकं कारण हाती लागलं नव्हतं. २०११ च्या अन्नसुरक्षा कायद्याने अमेरिकेत जनावरांच्या खाद्यालाही कारखान्यातच धोके ओळखून रोखण्याची सक्ती आली.

नावांचा खेळही तिथे नियमात बसवलेला आहे. राज्यांच्या खाद्यनियंत्रकांची संघटना आफ्को हिच्या नमुना नियमांप्रमाणे डब्यावर ‘बीफ डिनर’ असेल तर बीफ किमान २५ टक्के हवं, ‘विथ बीफ’ला ३ टक्के पुरतात, ‘बीफ फ्लेवर’ला तर किमान टक्काच नाही, चव ओळखता आली की झालं. ‘डिनर’ वाचून कोणाचं मन भरतं हे सांगायला नको. पाठीमागे बारीक अक्षरात ‘कम्प्लीट अँड बॅलन्स्ड’ लिहिलंय की ‘इंटरमिटंट ऑर सप्लिमेंटल फीडिंग’, हे त्यापेक्षा महत्त्वाचं : पहिलं रोजचं जेवण, दुसरं अधूनमधून द्यायचा खाऊ.

आपल्याकडे, २००६ च्या अन्न सुरक्षा व मानके कायद्यातल्या ‘अन्ना’च्या व्याख्येत जनावरांचं खाद्य येत नाही. कुत्र्याच्या केकची ऑर्डर देताना विचारपूस आपल्यालाच करावी लागते. बिर्याणीत कांदा-लसूण, त्यांची पूडसुद्धा, नको. त्यांनी तांबड्या पेशी फुटतात. केकमध्ये बेदाणे, चॉकलेट, जायफळ नको. बिअर घरी करून बघायची हौस असेल तर हॉप्स (बिअरला कडवटपणा देणारी फुलं) टाळा, त्यांनी कुत्र्याचं अंग जिवावर बेतेल इतकं तापतं. सगळ्यात फसवं म्हणजे पीनट बटर. ते केकात सर्रास पडतं, पण ‘शुगर-फ्री’ बाटलीत झायलिटॉल, म्हणजे साखरेऐवजी घालायचं एक गोड द्रव्य, असू शकतं. ते पोटात गेलं की कुत्र्याचं इन्सुलिन एकदम उसळतं, रक्तातली साखर तासाभराच्या आत कोसळू शकते आणि यकृतालाही मार बसतो. अशा वेळी बाटली सोबत घेऊन लगेच पशुवैद्याकडे जायचं.