घरगुती कागद आणि कपडेधुलाई : पर्यावरणस्नेही पर्याय

घरात एकदा वापरून टाकला जाणारा कागद (टॉयलेट पेपर, किचन टॉवेल, पेपर नॅपकिन, टिश्यू, ओले वाइप्स) आणि कपडे धुताना खर्च होणारे पाणी, वीज व रसायने यांचा निसर्गावरचा भार कमी करणाऱ्या निवडींचा विचार या नोंदीत केला आहे. हे दोन विषय एरवी वेगवेगळे मांडले जातात, पण प्रत्यक्षात ते एकमेकांत गुंतलेले आहेत. कागदी नॅपकिन सोडून कापडी घेतला की कचरा घटतो आणि धुणे वाढते. त्यामुळे कागद टाळून नेमके किती साधले, हे धुणे कसे धुतले आणि कसे वाळवले यावर ठरते.

कागद

कारखान्यात बनवून पाकिटबंद विकला जाणारा शौचाचा कागद १८५७ साली अमेरिकेत जोसेफ गायेटी याने बाजारात आणला. आज टिश्यू कागद बनवताना लगद्याचा पातळ ओला थर वाफेने तापवलेल्या अवाढव्य सिलिंडरवर वाळवतात आणि धारदार पात्याने खरवडून काढतात. खरवडताना कागदाला बारीक चुण्या पडतात. टिश्यूचा तुकडा उजेडासमोर धरून हलके ताणला तर त्या उलगडताना दिसतात. कागदाचा मऊपणा आणि पाणी शोषण्याची क्षमता बरीचशी या चुण्यांमुळे येते.

उरलेला फरक झाडाचा असतो. निलगिरीसारख्या रुंद पानांच्या झाडांचे तंतू आखूड आणि स्पर्शाला मऊ, तर पाइन, स्प्रूस अशा सूचिपर्णी झाडांचे तंतू लांब आणि चिवट. महागड्या, जाड टिश्यूत दोन्हींचे मिश्रण असते. लांब तंतूंचा मोठा पुरवठा कॅनडा आणि उत्तर युरोपातल्या बोरियल वनांतून, म्हणजे थंड प्रदेशातल्या सूचिपर्णी जंगलांतून होतो. या वनांच्या मातीत आणि दलदलीत प्रचंड कार्बन साठलेला आहे. अनेक दशके वाढलेल्या झाडाचा लगदा काही सेकंदांच्या वापरासाठी खर्ची घालणे, हा घरातल्या कागदासंबंधीचा सर्वांत गंभीर आक्षेप आहे आणि तो रास्त आहे.

त्यावरचा सरळ उपाय म्हणजे रद्दीपासून बनवलेला टिश्यू. कागदाचा तंतू पुनर्वापराच्या दर फेरीला थोडा आखूड आणि कमजोर होतो. साधारण पाच ते सात फेऱ्यांनंतर त्यापासून नवा कागद होत नाही. वापरलेला टिश्यू तर रद्दीत परत जातच नाही, म्हणजे तो तंतूचा शेवटचा मुक्काम. अशा मुक्कामाला कोरा तंतू पाठवण्यात काहीच शहाणपण नाही. रद्दीचा लगदा पाण्यात ढवळून त्यात साबणासारखी रसायने घालतात आणि खालून हवेचे बुडबुडे सोडतात. शाईचे कण फेसाबरोबर वर येतात आणि फेस काढून टाकला जातो. असा कागद किंचित करडा आणि थोडा खरखरीत असतो, पण कामात कमी पडत नाही. विकत घेताना मात्र एक गोष्ट पाहावी. कारखान्यातच उरलेली कातरण वापरूनही माल ‘पुनर्वापरित’ म्हणवला जातो. लोकांनी वापरून दिलेल्या रद्दीचे प्रमाण वेगळे छापले असेल, तर त्या आकड्याला अधिक अर्थ आहे.

लाकडातले तंतू चिकटवून ठेवणारा लिग्निन हा पदार्थ कागद पिवळसर करतो, म्हणून लगद्याचे विरंजन करतात, म्हणजे तो पांढरा करतात. पूर्वी त्यासाठी क्लोरीन वायू वापरत. १९८० च्या दशकात अशा कारखान्यांच्या सांडपाण्यात आणि खालच्या प्रवाहातल्या माशांत डायॉक्सिन सापडली. ही अतिविषारी रसायने शरीरातल्या चरबीत साठून राहतात. त्यानंतर बहुतेक उद्योग क्लोरीन डायऑक्साइडकडे वळला. त्यात डायॉक्सिनचे प्रमाण खूपच घटते, तरी क्लोरीनची संयुगे पूर्णपणे टळत नाहीत. ऑक्सिजन, ओझोन आणि हायड्रोजन पेरॉक्साइड वापरून केलेले विरंजन अधिक स्वच्छ, आणि मुळात विरंजनच न केलेला तपकिरी कागद सर्वांत साधा.

बांबूच्या टिश्यूची सध्या बरीच जाहिरात होते. बांबू हे गवत आहे, झपाट्याने वाढते आणि कापल्यावर पुन्हा फुटते, हे खरे. पण त्याचा लगदाही रसायनांनीच करावा लागतो, आणि नैसर्गिक जंगल तोडून लावलेली बांबूची लागवड काही वाचवत नाही. कोऱ्या लाकडापेक्षा बरा, रद्दीच्या कागदापेक्षा नाही, असे त्याचे स्थान ठरवता येईल.

दुकानातल्या छापील पावत्या थर्मल कागदावर, म्हणजे उष्णतेने अक्षरे उमटणाऱ्या कागदावर असतात. त्यावरच्या थरात बिस्फेनॉल ए किंवा त्याचा भाऊबंद बिस्फेनॉल एस, म्हणजे शरीरातल्या संप्रेरकांच्या कामात ढवळाढवळ करणारे रसायन असू शकते. युरोपीय संघाने २०२० पासून अशा कागदातल्या बिस्फेनॉल एचे प्रमाण वजनाच्या ०.०२ टक्क्यांखाली आणले आहे. या पावत्या रद्दीत टाकू नयेत, कारण तेच रसायन पुढे टिश्यूच्या लगद्यात उतरते.

ओले वाइप्स दिसतात कागदासारखे, पण त्यांपैकी बहुतेकांत पॉलिएस्टर किंवा पॉलिप्रॉपिलिनचे धागे असतात. पाण्याच्या बाटलीत टॉयलेट पेपरचा तुकडा टाकून जोरात हलवला तर तो लवकरच लगद्यात विरतो. किचन टॉवेल टिकून राहतो, कारण ओला झाल्यावर फाटू नये म्हणून त्यात राळ मिसळलेली असते. वाइप तर जसाच्या तसा बाहेर येतो. त्यामुळे पाकिटावर काहीही लिहिलेले असले तरी वाइप आणि किचन टॉवेल शौचकूपात टाकू नयेत. गटारात वाइप्सभोवती तेल-तूप थिजत जाते. २०१७ मध्ये लंडनच्या व्हाइटचॅपल भागातल्या गटारात असा सुमारे २५० मीटर लांब आणि १३० टन वजनाचा गोळा सापडला होता. शौचासाठी पाणी वापरले आणि कागद फक्त कोरडे करण्यापुरता ठेवला, तर कागदाची गरज आणि हा सगळा प्रश्न एकदमच आटोक्यात येतो.

कागद की कापड

या तुलनेचा सर्वांत बारकाईने झालेला अभ्यास बाळाच्या लंगोटांचा आहे. वापरून फेकायच्या लंगोटातही लाकडाचा लगदाच भरलेला असतो. इंग्लंडमध्ये सरकारी पातळीवर २००८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, बाळाच्या पहिल्या अडीच वर्षांत फेकायच्या लंगोटांमुळे सुमारे ५५० किलो आणि कापडी लंगोटांमुळे सरासरी सुमारे ५७० किलो कार्बन डायऑक्साइडइतके उत्सर्जन होते, असे दिसले. कापडाचा कैवार घेणाऱ्यांना हा धक्काच होता. पण त्याच अहवालात त्याचे कारणही होते. यंत्र पूर्ण भरून धुतले, बाहेर दोरीवर वाळवले आणि तेच लंगोट दुसऱ्या बाळालाही वापरले, तर कापडाचा भार सुमारे ४० टक्क्यांनी उतरतो. सगळे ड्रायरमध्ये वाळवले, तर तो तेवढाच वर चढतो. २०२३ मध्ये हा अभ्यास नव्याने झाला, तेव्हा आकडे अनुक्रमे सुमारे ४५७ आणि ३४५ किलो आले, म्हणजे कापड सुमारे २५ टक्क्यांनी सरस ठरले.

नॅपकिन, हातरुमाल, ओटा पुसायचे फडके यांनाही हेच लागू पडते. जुन्या सुती कपड्यांची फडकी सर्वांत उत्तम, कारण त्यांच्यासाठी नवा कापूस पिकवावा लागत नाही. ती इतर कपड्यांच्या फेरीतच धुवावीत. चार रुमालांसाठी वेगळे यंत्र लावले तर कागद वाचवून मिळवलेले सगळे निघून जाते. तेलाने माखलेले भांडे पुसणे किंवा आजाऱ्याची घाण आवरणे, अशा कामांना कागद वापरण्यात संकोच बाळगू नये.

धुणे

कपड्यांच्या धुलाईत विजेचा मोठा वाटा पाणी तापवण्यात जातो, यंत्र फिरवण्यात नाही. नळाचे पाणी २० अंश सेल्सिअस असेल, तर ६० अंशांच्या धुलाईसाठी ते ४० अंशांनी चढवावे लागते आणि ३० अंशांसाठी फक्त १० अंशांनी. म्हणजे तेवढ्याच पाण्याला उष्णता एक चतुर्थांश पुरते. थंड पाण्यात मळ निघत नाही, ही समजूत जुन्या साबणाच्या काळातली आहे. ओटो र्‍योम या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १९१३ मध्ये धुण्यासाठी विकरे (एन्झाइम) वापरण्याचे पेटंट घेतले. आजच्या पावडरीत प्रथिनांचे, पिठुळ पदार्थांचे आणि चरबीचे डाग तोडणारी वेगवेगळी विकरे असतात, आणि ती कोमट किंवा थंड पाण्यात काम करतील अशी घडवलेली असतात. आजाऱ्याचे कपडे आणि चादरी मात्र ६० अंशांवर धुवाव्यात. यंत्राच्या आत बुळबुळीत थर साचू नये म्हणून अधूनमधून एखादी गरम फेरीही घ्यावी.

डिटर्जंटचा इतिहास म्हणजे एकेक चूक सुधारण्याचा इतिहास आहे. १९५० च्या दशकात युरोप-अमेरिकेतल्या नद्यांवर फेसाचे डोंगर तरंगू लागले. तेव्हाच्या पृष्ठक्रियाकारकांची, म्हणजे मळ सोडवणाऱ्या फेसाळ रसायनांची रेणुसाखळी फांद्या फुटलेली होती आणि जिवाणूंना ती तोडता येत नव्हती. पश्चिम जर्मनीने १९६१ मध्ये कायदा केला, उद्योग सरळ साखळीच्या रसायनांकडे वळला आणि फेस ओसरला.

त्यानंतर पाळी फॉस्फेटची आली. पाणी मऊ करण्यासाठी पावडरीत फॉस्फेट घालत, आणि तेच तलावात शैवालाचे खत होई. उद्योगाचे म्हणणे होते की दोष कार्बनचा किंवा नायट्रोजनचा असेल. कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांतात डेव्हिड शिंडलर आणि सहकाऱ्यांनी १९७३ मध्ये ‘लेक २२६’ नावाचा छोटा तलाव मधोमध पडदा ताणून दुभागला. दोन्ही भागांत कार्बन आणि नायट्रोजन घातले, फॉस्फरस फक्त एका भागात. काही आठवड्यांतच फॉस्फरसचा भाग गर्द हिरवा झाला आणि पडद्यापलीकडचे पाणी जवळपास तसेच राहिले. आकाशातून टिपलेले ते छायाचित्र जलप्रदूषणाच्या अभ्यासात प्रसिद्ध आहे. युरोपीय संघाने घरगुती धुण्याच्या डिटर्जंटमधल्या फॉस्फेटवर २०१३ पासून कडक मर्यादा घातली. आता त्याच्या जागी झिओलाइट आणि सायट्रेट वापरतात. जिथे कायद्याचे बंधन नाही तिथे पाकिटावर ‘फॉस्फेटविरहित’ शोधणे अजूनही महत्त्वाचे आहे.

पावडरीतली ऑप्टिकल ब्राइटनर नावाची चमक आणणारी रसायने मळ काढत नाहीत. ती कापडावर बसून अतिनील किरण शोषतात, निळसर उजेड परत फेकतात आणि कपडा पांढराशुभ्र भासतो. कापड मऊ करणाऱ्या सॉफ्टनरचीही गरज क्वचितच असते. सॉफ्टनर धाग्यांवर स्निग्ध थर चढवते. अशा टॉवेलवर पाण्याचा थेंब टाकला तर तो चटकन आत न मुरता मण्यासारखा थांबतो, म्हणजे टॉवेलचे मूळ कामच बिघडते. पावडर कमी घालणे हा फुकटचा आणि सर्वांत दुर्लक्षित उपाय आहे. मापाचे झाकण अनेकदा गरजेपेक्षा मोठे असते, आणि जास्त पावडरीने कपडे जास्त स्वच्छ होत नाहीत, तिचा अंश कापडात राहतो. पाणी क्षारयुक्त असेल तर मात्र थोडी वाढवावी लागते.

पातळ पापुद्र्यात गुंडाळलेल्या डिटर्जंटच्या पुड्या आणि धुण्याचे कागदासारखे पत्रे पुष्कळदा ‘प्लॅस्टिकमुक्त’ म्हणून विकले जातात. बाटली वाचते, हे खरे. पण त्यांतले पॉलिव्हिनाइल अल्कोहोल हे पाण्यात विरघळणारे बहुवारिकच (पॉलिमर), म्हणजे प्लॅस्टिकच्याच जातीचे आहे. ते डोळ्यांआड होते एवढ्याने त्याचे विघटन झाले असे होत नाही, आणि सांडपाणी प्रकल्पांत ते किती तुटते यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. पुठ्ठ्याच्या खोक्यातली संहत (थोडीच पुरणारी, दाट) पावडर अधिक निःशंक निवड आहे.

घरगुती उपायांपैकी धुण्याचा सोडा खरोखर कामाचा. सोडियम परकार्बोनेटही उत्तम, कारण पाण्यात ते सोडा आणि हायड्रोजन पेरॉक्साइड यांत सुटते आणि पेरॉक्साइडचे पुढे पाणी आणि ऑक्सिजन होते. रिठ्यातल्या सॅपोनिनने फेस येतो आणि हलका मळ जातो, पण तेलकट डाग निघत नाहीत. शिवाय सॅपोनिन माशांना विषारी असते, तेव्हा नैसर्गिक म्हणून ते ओढ्यात ओतू नये. व्हिनेगर आणि खाण्याचा सोडा एकत्र घातले तर दोघे एकमेकांना मारतात आणि खारट पाणी उरते. क्लोरीनच्या ब्लीचमध्ये व्हिनेगर कधीच मिसळू नये, त्यातून विषारी क्लोरीन वायू सुटतो.

पॉलिएस्टर, नायलॉन आणि अ‍ॅक्रिलिकचे कपडे धुताना सूक्ष्म धागे सुटून पाण्याबरोबर जातात. प्लिमथ विद्यापीठाच्या २०१६ मधल्या अभ्यासात अ‍ॅक्रिलिकच्या सहा किलो धुण्यातून सात लाखांहून अधिक धागे सुटू शकतात, असा अंदाज निघाला. नाजूक कपड्यांची फेरी सौम्य म्हणून कमी धागे सोडत असेल असे वाटते, पण २०१९ मध्ये न्यूकॅसल विद्यापीठाच्या अभ्यासात उलटेच दिसले. त्या फेरीत कापडाच्या मानाने पाणी जास्त असते आणि तेच धागे ओढून काढते. म्हणून यंत्र पूर्ण भरावे, पाणी थंड आणि फेरी छोटी ठेवावी. नव्या कपड्यातून पहिल्या काही धुण्यांत सर्वाधिक धागे जातात, तेव्हा जुना कपडा टिकवणे हाही उपायच आहे. आणि एकदा घातलेला प्रत्येक कपडा मळलेला असतोच असे नाही.

वाळवण्यासाठी दोरी आणि वारा यांना तोड नाही. ड्रायर घ्यावाच लागला तर हीट पंपाचा, म्हणजे तीच उष्णता पुन्हा वापरणारा घ्यावा, तो साध्या ड्रायरच्या साधारण निम्म्या विजेत भागवतो.

धुण्याचे पाणी

धुण्याचे पाणी झाडांना घालायचे असेल तर पावडरीतल्या सोडियमकडे आणि बोरॅक्सकडे लक्ष द्यावे. सोडियम साचले की चिकणमातीचे कण सुटे होतात, माती घट्ट बसते आणि पाणी मुरत नाही. बोरॉन अगदी थोड्या प्रमाणात झाडांना लागते, त्याहून जास्त झाले की पानांच्या कडा करपतात. अशा वापरासाठी पोटॅशियमवर आधारलेला द्रव साबण बरा. पहिले पाणी गटारात सोडून खंगाळण्याचे पाणी घ्यावे, ते पालेभाज्यांना न घालता झाडांच्या बुंध्याशी द्यावे आणि त्याच दिवशी संपवावे, कारण साठवलेल्या पाण्यात जिवाणू वाढून लवकरच दुर्गंधी सुटते.