टायर तापवणं आणि टायर जाळणं

नाना पेठेतल्या टायरवाल्या काकांनी माझ्या भाच्याच्या बाइकचं मागचं चाक उतरवलं, टायरवरून अंगठा फिरवला आणि विचारलं, "जाळलास?"

"नाही काका, नुसता गरम केला," भाचा म्हणाला.

काकांनी टायर माझ्यापुढे धरला. मधला पट्टा सपाट, तुळतुळीत, मध्येच रबराच्या वळ्या होऊन चिकटलेल्या. कडांची नक्षी मात्र जशीच्या तशी, नव्या टायरवर असतात ते रबराचे केससुद्धा शाबूत. टायर चार महिन्यांपूर्वीच घातलेला.

भाचा थाप मारत नव्हता. त्याने फोनवर ड्रॅग रेसचे व्हिडिओ पाहिलेले. त्यांत गाड्या सुटण्याआधी धुराचा लोट काढतात. तेव्हा धूर निघाला म्हणजे टायर गरम झाला आणि गरम टायर रस्ता धरतो, एवढं त्याचं साधं गणित. बायकर मंडळींत बर्नआउटवरून, म्हणजे गाडी जागेवर धरून मागचं चाक धूर निघेपर्यंत फिरवण्यावरून, हमखास जुंपते, तिच्या मुळाशी पुष्कळदा हीच गल्लत असते. एक जण तापवण्याबद्दल बोलत असतो, दुसरा जाळण्याबद्दल, आणि शब्द मात्र दोघांच्या तोंडी एकच.

बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं. पुढचा ब्रेक दाबून धरायचा, अंग टाकीवर झुकवायचं म्हणजे मागचं चाक हलकं होतं, रेस पिळायची आणि क्लच झटक्यात सोडायचा. चाकाची पकड सुटायला जोर लागतो तो पहिल्या क्षणाला. एकदा घसरू लागलं की घसरत ठेवायला तेवढा लागत नाही. घरातलं लाकडी कपाट ज्याने ढकललंय त्याला हे वेगळं सांगायला नको. गंमत म्हणजे पुढचा ब्रेक एवढा आवळलेला असूनही तापत नाही, कारण पुढचं चाक फिरतच नाही. उष्णता सगळी मागे. ढोबळ हिशेब मांडून बघा: मागच्या चाकावर शंभर किलोचा भार, घर्षणाचा जोर त्याच्या सत्तर टक्के, आणि चाक जागच्या जागी ताशी ५४ किलोमीटरच्या वेगाने फिरतंय. झाले १० किलोवॅट. म्हणजे बाथरूममधले दोन-दोन किलोवॅटचे पाच गिझर, आणि ती सगळी उष्णता तळहाताएवढ्या जागेत. दोनशे अंशांच्या आसपास रबराचा धीर सुटतो. त्यातली तेलं वाफ होऊन उडतात, बाहेर आल्यावर गार होतात, आणि आपल्याला पांढरा धूर दिसतो.

इथवर दोन्ही एकच. फरक पडतो तो टायर कुठला, किती सेकंद आणि त्यानंतर काय, यावरून.

ड्रॅग रेस म्हणजे सरळ पट्टी, बहुतेक ठिकाणी पाव मैलाची, म्हणजे ४०२ मीटर. तिथे गाडी वळत नाही. सगळा खेळ सुटतानाच्या पकडीचा. मागचा टायर स्लिक, म्हणजे नक्षी नसलेला, आणि रबर मऊ. हे रबर थंड असताना हवं तसं चिकटत नाही, शिवाय रांगेत उभं राहून त्यावर बारीक खडे-धूळ बसलेली असते. म्हणून स्टार्ट लाइनच्या मागे पट्टीवर थोडं पाणी टाकलेलं असतं. मागचं चाक पाण्यात ठेवायचं, फिरवायचं. ओल्यात ते सहज सुटतं. मग तसंच कोरड्यावर सरकायचं, धूर निघाला की काही सेकंदांत थांबायचं. वरचा थर झडून साफ होतो, खालचं रबर ऊबदार आणि चिकट होतं. पूर्वी अमेरिकेत पाण्याऐवजी ब्लीच ओतायचे. ते कधीच मागे पडलं, पण त्या जागेला तिथली जुनी माणसं अजून ब्लीच बॉक्सच म्हणतात.

या माणसाला तुम्ही विचारा, बर्नआउटमध्ये मजा येते का? तो तुमच्याकडे अशा नजरेने बघेल, जशी माझी आई बघेल, "तवा तापवताना मजा येते का" असं विचारल्यावर. भाकरी टाकायची म्हणून तवा तापवायचा. धूर यायला लागला की आच कमी करायची.

आता भाच्याची गाडी. तिचा टायर रस्त्यावरचा. तो बनवलेलाच असा असतो की सकाळी थंड असताना, पावसात, कात्रजच्या घाटात त्याने रस्ता धरावा. त्याला ड्रॅगच्या टायरसारखी ऊब देऊन फायदा जवळपास नाही; प्रमाणाबाहेर तापवला तर उलट पृष्ठभाग तेलकट होऊन तो जास्त घसरतो. दुसरं, जागेवर चाक फिरवून तापतो फक्त मधला पट्टा. वळणावर गाडी झुकते तेव्हा रस्त्याला टेकतात कडा, आणि त्या थंडच. पुढच्या टायरला तर ऊब मिळतच नाही, आणि वळणावर निम्मी मदार त्याच्यावर. "नव्या टायरवरचा गुळगुळीतपणा घालवायला एक बर्नआउट मारतो" म्हणणाऱ्यांचीही हीच फसगत. तो घालवायचा तर पहिले शंभर-दीडशे किलोमीटर सांभाळून चालवायचं आणि हळूहळू गाडी झुकवत न्यायची.

सर्किटवरच्या रेसवाल्यांना हे पक्कं माहीत असतं. २०२३च्या सप्टेंबरमध्ये ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर मोटोजीपी ही बाइकची जागतिक शर्यत झाली, तेव्हा ज्यांनी बघितलं असेल त्यांना आठवेल: ग्रिडवर, म्हणजे सुटण्याच्या रांगेत, उभ्या गाड्यांच्या दोन्ही चाकांना विजेची रजई गुंडाळलेली होती. टायर कडेपासून कडेपर्यंत सारखा तापावा म्हणून. सुटण्याआधी तिथे कुणी धूर काढत बसत नाही. पण तेच रायडर शर्यत जिंकल्यावर प्रेक्षकांसमोर थांबून मागचं चाक असं जाळतात की गाडी दिसेनाशी होते. माणूस तोच, गाडी तीच. आधी तापवणं, नंतर जाळणं. त्या टायरचं काम झालेलं असतं, आणि बिल दुसरं कुणीतरी भरतं.

मग जाळण्यात मजा कसली? हे मी भाच्याला परतीच्या वाटेवर विचारलं. थोडा वेळ गप्प बसून म्हणाला, "मामा, हँडल हातात थरथरतं, सगळी गाडी ओरडते, आणि आपण हलतच नाही."

मला हे उत्तर एकदम पटलं. कॉलेजात असताना नदीपात्रात वडिलांच्या शंभर सीसीच्या गाडीवर मीही हा उद्योग केलाय. इंजिनात दम नव्हता, म्हणून आम्ही चाकाखाली वाळू पसरायचो. एकदा पुढचा ब्रेक दाबलेला माझा हात घामाने सुटला आणि गाडी मला घेऊन थेट चहाच्या टपरीच्या बाकड्यात शिरली. बाकडं मोडलं, पैसे वडिलांनी भरले, आणि नंतर सहा महिने मी सायकलवर होतो. तरी ते दोन-तीन सेकंद अजून लख्ख आठवतात. गाडी चालवताना आयुष्यभर शिकतो ती एकच गोष्ट, मागचं चाक सुटू द्यायचं नाही. इथे तेच आपण मुद्दाम सोडतो, आणि पायाखाली जमीन असते. ताशी शंभरच्या वेगाचा आवाज, शून्य वेगावर. व्हीलीला, म्हणजे पुढचं चाक उचलून गाडी पळवताना, जी भीती वाटते ती इथे वाटत नाही. पडलो तर उभ्यानेच पडणार. आणि धूर लांबूनही दिसतो, हे नाकारण्यात अर्थ नाही. प्रेक्षक नसतील तर बर्नआउट करणारे किती उरतील, मला शंका आहे.

अमेरिकेत दक्षिण डकोटातल्या स्टर्जिस गावी १९३८पासून जवळपास दर उन्हाळ्यात बाइकवाल्यांचा मेळा भरतो. तिथल्या काही बारमध्ये बर्नआउटसाठी खास जागा केलेली असते. पुढचं चाक टेकवायचं, आणि मागचा टायर फुटेपर्यंत रेस पिळत राहायचं. फुटला की टाळ्या. तिथे तापवण्याचं सोंगही कुणी आणत नाही, आणि मला तो प्रामाणिकपणा आवडतो.

ज्यांना हे बघवत नाही, त्यांचंही कारण दोन तऱ्हांचं असतं. काहींना यंत्राची कणव असते. गाडी उभी, म्हणजे इंजिनवर वारा नाही. हवेवर थंड होणारं इंजिन त्या अर्ध्या मिनिटात भाजून निघतं. क्लच अर्धवट सोडला तर प्लेटी जळतात, चेन आणि स्प्रॉकेट ओढले जातात. अशा माणसाच्या कानाला तो आवाज आनंदाचा वाटतच नाही. मी आता याच गटात मोडतो. मला तो टायर जुलैमध्ये आंबा घाटातून घरी आणणार असतो, माझं सगळं लक्ष तिकडे. दुसऱ्या तऱ्हेच्या लोकांना राग येतो तो जागेचा. सोसायटीच्या गेटसमोर, रात्री अकराला. त्यांच्याशी वाद घालायला मला जागा दिसत नाही. सार्वजनिक रस्त्यावर हे प्रकरण मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४खाली, धोकादायक ड्रायव्हिंगमध्ये जाऊ शकतं. २०१९च्या दुरुस्तीपासून पहिल्याच खेपेला १,००० ते ५,००० रुपये दंड, किंवा तुरुंग, किंवा दोन्ही. "टायर गरम करत होतो साहेब" हे तिथे चालत नाही.

लोणावळ्याजवळ आंबी व्हॅलीच्या धावपट्टीवर ड्रॅगच्या शर्यती होतात. भाच्याला तिथे उतरायचंय. उतरावं, माझी ना नाही. तिथे त्याला चाक सोडायला नव्हे, न सोडता पळवायला शिकवतील, आणि हे त्याला अजून माहीत नाही.

काकांनी नवा टायर चढवला, हवा भरली, बॅलन्सिंग केलं. भाचा पैसे देताना जुन्या टायरकडे बघत होता. काकांनी मागच्या भिंतीशी रचलेल्या बाद टायरच्या ढिगाकडे बोट केलं.

"पुन्हा खाज आली तर इकडे ये. त्यातला एक घालून देतो, मोकळ्या जागेत जाऊन जाळ, परत आण, हा पुन्हा चढवतो. टायर फुकट. मजुरी दोन वेळची."

भाच्याने मान डोलावली आणि दोन वेळची म्हणजे किती, ते विचारून घेतलं.